मधेच बंद पडणारी गाडी

१

टेस्टरचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारा माणूस, कानामागे सदानकदा टेस्टर खोचलेला, त्यामुळे रस्त्याने त्याला तेच नाव चिकटवलं होतं. बायको 'अहो' म्हणायची, ती गेली. मुलगी 'बाबा' म्हणते, पण ती लांब, फोनवर, सुट्टीच्या दिवशी, आणि तेही आठवण झाली तर. बाकी सगळ्यांना तो टेस्टर. एखाद्या दिवशी तर दिवसभरात तेवढंही कोणी म्हणायचं नाही.

त्याचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका वेळी एकच गाडी मावायची, नाक भिंतीला आणि शेपूट शटरला. वर राहायच्या दोन खोल्या. शेजारी मिस्त्रीचं गॅरेज, तिथे इंजिनं उघडायची आणि इथे वायरी. त्यातही टेस्टरचा हातखंडा एका कामात होता. गाडी घेतल्यावर लोक बाहेरून अलार्म बसवून घेतात, रिमोटने लांबूनच इंजिन सुरू करायची पेटी बसवून घेतात. पेटी बसवणारे पैशाला पासरी मिळतात. ती रुसली की मात्र सगळे टेस्टरकडे बोट दाखवतात. नवी सून आणि नंतर बसवलेली पेटी, दोघींनाही घरातल्या जुन्या वायरी कळायला वेळ लागतो, असं मिस्त्री म्हणायचा. टेस्टरला सून नव्हती, पेट्यांचा अनुभव मात्र होता.

बाई आल्या त्या दिवशी थंडी अशी होती की पक्कड हातात धरवत नव्हती. बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. सरळ पाठ, वाक्य पूर्ण केल्याशिवाय श्वास न घेणाऱ्या. त्यांनी बिघाड वर्गात सांगावा तसा सांगितला. रिमोटने गाडी सुरू होते आणि मधेच आपोआप बंद पडते. रोज नाही, कधी तरी.

रोज नाही, कधी तरी! वायरवाल्याच्या कानाला याहून वाईट शब्द नाहीत. रोज होणारा बिघाड हा सरळ माणूस असतो, दारातच भेटतो. कधी तरी होणारा बिघाड डॉक्टरकडे गेल्यावर थांबणाऱ्या दाढदुखीसारखा वागतो.

टेस्टरने विचारलं तेव्हा बाकीचं कळलं. बाई एकट्या राहतात. रोज संध्याकाळी बहिणीकडे जातात, ती अंथरुणाला खिळलेली आहे. थंडीत बोटं आखडतात म्हणून यजमानांनी ही पेटी बसवून घेतली होती. वरूनच बटण दाबायचं, खाली येईपर्यंत गाडी उबदार. यजमान गेल्या हिवाळ्यात गेले. हे सांगताना बाईंनी रिमोट टेबलावर ठेवला नाही, मुठीतच धरून ठेवला. दुसरा रिमोट पर्समधून काढून त्याला दिला.

"बंद पडायला नको, एवढंच बघा," त्या म्हणाल्या. "आणि चालू राहायची वेळ वाढवता येत असेल तर तीही वाढवा."

टेस्टरने हो म्हटलं. कुणाची गाडी त्याने आजवर तशीच परत पाठवली नव्हती.

२

त्या पेटीची एक चांगली सोय होती. इंजिन का बंद केलं, ते ती डॅशबोर्डवरच्या लहानशा दिव्याने सांगायची. दिवा एकदा लुकलुकला तर ठरलेली वेळ संपली, दोनदा लुकलुकला तर कोणी बॉनेट उघडलं, तीनदा लुकलुकला तर कोणी ब्रेक दाबला. ब्रेकची मेख अशी की रिमोटने सुरू केलेली गाडी चोराने पळवू नये म्हणून किल्ली न लावता ब्रेकवर पाय पडला की पेटी इंजिन बंद करते.

टेस्टरने पेटीला विचारलं. दिवा तीनदा लुकलुकला.

कुलूपबंद, रिकाम्या गाडीत ब्रेक कोण दाबणार? कोणीच नाही. म्हणजे ब्रेकचा स्विच खराब, पाय नसताना पाय आहे असं सांगतोय. टेस्टरला बरं वाटलं. त्याने गाडी दुकानाबाहेर रस्त्याच्या कडेला लावली, रिमोट दाबला आणि स्टूल टाकून बसला. गाडी चालू राहिली. ठरलेली वेळ संपली, पेटीने शहाण्यासारखं इंजिन बंद केलं. परत दाबला. परत तेच. जेवणाची वेळ टळून गेली तरी गाडी एकदाही मधे बंद पडली नाही. मिस्त्री दोनदा येऊन, बिघाडाला तुझी लाज वाटते वाटतं, असं म्हणून गेला.

दुपारी वारा सुटला. टेस्टरने गाडी आत घेतली, शटर खाली ओढलं, मागच्या खिडकीतला पंखा लावला. पंख्याने धूर जातो असा त्याचा समज होता. मिस्त्री यावरून नेहमी कटकट करायचा. रिमोट दाबून टेस्टर बाकावर मल्टिमीटरची वायर गुंडाळत उभा राहिला. खोलीत इंजिनाची गुरगुर भरून राहिली.

मग शटरच्या पट्ट्या आतून लाल झाल्या.

ब्रेकचे दिवे. लाल उजेड क्षणभर शटरवर थांबला, इंजिन बंद पडलं आणि उजेड गेला. पंख्याचा आवाज तेवढा उरला. टेस्टरने काचेतून आत पाहिलं. रिकामी सीट, रिकामं स्टिअरिंग. दिवा तीनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा तीनदा लुकलुकला.

स्विचच, तो स्वतःशी मोठ्याने म्हणाला. खोलीत दुसरं कोणी नसलं की तो कामाचं मोठ्याने बोलायचा. आज आपलाच आवाज ऐकून त्याला जरा अवघडल्यासारखं झालं.

३

त्याने नवा स्विच घातला. शटर लावून पुन्हा गाडी सुरू केली. पुन्हा शटर लाल झालं, पुन्हा इंजिन बंद.

आता वायर धरून शोधत जाणं आलं. या कामाला वायरवाल्याला जसं झोपावं लागतं तसं दुसरं कोणी झोपत नसेल. कंबर सीटवर, पाय दाराबाहेर, पाठ खाली आणि डोकं स्टिअरिंगच्या खाली, जिथे चालवणाऱ्याचे पाय असतात तिथे. तोंडावर वायरींचा गुंता, कानाजवळ पेडल. टेस्टरचं अर्धं आयुष्य लोकांच्या पायांच्या जागेत डोकं घालून गेलं होतं. माती, खडे, कधी हरवलेलं नाणं, सगळं त्याच्या ओळखीचं.

या गाडीत खाली माती नव्हती. गेल्या हिवाळ्यापासून बाई एकट्याच चालवत होत्या आणि त्या पायपुसणं रोज झटकणाऱ्यांतल्या होत्या. ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र एका बाजूने गुळगुळीत झालं होतं, जड पायाच्या माणसाने वर्षानुवर्षं दाबल्यासारखं.

त्याने रिमोट दाबला. इंजिन सुरू झालं, सगळी गाडी त्याच्या कवटीत थरथरायला लागली. त्याने टेस्टरचं टोक ब्रेकच्या वायरीला लावलं आणि वाट पाहत राहिला. टेस्टरचा दिवा विझलेला. विझलेला. मग त्याच्या कानाच्या पाळीला रबर घासून गेलं.

पेडल खाली गेलं होतं. हळू, पूर्ण, दमाने. टेस्टरचा दिवा लागला, इंजिन बंद पडलं.

तो हलला नाही. आपलंच डोकं लागलं असणार, त्याने ठरवलं. कान पेडलजवळ, मान अवघडलेली, हललो असू. दुसरं काय असणार? आणि दुसरं काय असेल याचा विचार नको म्हणून त्याने कानामागून टेस्टर काढावा तसा चटकन खिशातून कटर काढला आणि ब्रेककडून पेटीला जाणारी बारीक वायर कापली. दोन्ही टोकांना टेप गुंडाळली. गाडीचे ब्रेक शाबूत, मागचे दिवे शाबूत. फक्त ब्रेक दाबल्याचं पेटीला आता कळणार नव्हतं.

हा या धंद्यातला जुना चोरटा इलाज. सेन्सर खोटं बोलतोय असं वाटलं की त्याचं तोंड बांधायचं. टेस्टर स्वतः असं करणाऱ्यांना नावं ठेवायचा. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, म्हणायचा. पण त्या दिवशी त्याला ती गाडी दुकानातून जायला हवी होती. तो घाबरला होता, आणि घाबरलो असं सांगायला त्याच्याजवळ कोणी नव्हतं.

शटर लावून त्याने शेवटची चाचणी घेतली. मधे एकदा शटर लाल झालं. मग पुन्हा, जरा जास्त वेळ. इंजिन चालूच राहिलं. टेस्टरने पाठ फिरवली आणि चालू राहायची वेळ पेटीत होती तेवढी सगळी वाढवून टाकली.

४

गाडी तो स्वतः पोचवायला गेला. बाईंचं घर गल्लीच्या टोकाला, खाली गाडीची खोली आणि वर त्या. खोली अरुंद, दार उघडून कसंबसं बाहेर पडता येईल एवढी. आतून एक जिना वर जायचा. जिन्याच्या तोंडाशी दार होतं, फुगलेलं, पूर्ण न लागणारं. टेस्टर बाहेर पडताच बाईंनी शटर खाली ओढायला सांगितलं, वाऱ्याने पालापाचोळा आत येतो.

वर त्यांनी चहा दिला. ट्रेमध्ये कप आधीपासून दोन होते, धुऊन पालथे घातलेले. त्यांनी त्याच्या घरी कोण कोण असतं ते विचारलं, त्याने सांगितलं, आणि दोघंही थोडा वेळ चहाच बघत बसले. एकट्या माणसांना एकमेकांशी बोलायला खरं तर पुष्कळ असतं, पण सवय मोडलेली असते.

मग त्याने रिमोट वापरायला सांगितला. बाईंनी खिडकीपाशी न जाता पलंगावर बसूनच बटण दाबलं. खालून जिन्यातून गुरगुर वर आली.

"दुपारी पडल्यापडल्याच दाबते मी," त्या म्हणाल्या. "खाली आवाज येत राहिला की बरं वाटतं. कोणीतरी निघायची तयारी करतंय आणि आपल्यासाठी थांबलंय, असं वाटतं. कधी त्यातच डोळा लागतो."

टेस्टरने मान डोलावली. बाईंनी पुन्हा बटण दाबून गाडी बंद केली. आता मधे बंद पडणार नाही, असं त्याने सांगितलं. बाईंच्या चेहऱ्यावर इतकं समाधान दिसलं की परत जाताना त्याला वायर कापल्याचं फारसं वाटलं नाही.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्त्री डबा घेऊन टेस्टरच्या बाकावर जेवायला आला. बाईंच्या गाडीचं काय झालं, त्याने विचारलं. टेस्टरने सांगितलं, स्विच होता. मिस्त्रीने हसून त्याच्याकडे पाहिलं. स्विच असता तर बाहेर रस्त्यावर का नाही बंद पडली, सकाळभर स्टूल टाकून बसला होतास की.

"आत घेतली की बंद पडायची," टेस्टर म्हणाला. "शटर लावलं की."

"शटर लावून इंजिन चालवू नकोस, धुराने जाशील, म्हणून किती वेळा सांगितलं," मिस्त्री घास चावत म्हणाला. "गाडीला अक्कल होती म्हणून बंद पडली. तुला तेवढीही नाही."

मिस्त्री आपल्याच विनोदावर हसत राहिला. टेस्टरच्या हातातला घास तसाच राहिला. बाहेर कधीच नाही. शटर लावलं की, दर वेळी. आणि बाईंकडे रोज नाही, कधी तरी. ज्या दिवशी त्या लगेच उठून खाली येत नसतील त्या दिवशी.

त्याने बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग मिस्त्रीच्या स्कूटरची किल्ली उचलून तो निघाला, कुठे म्हणून मिस्त्रीने विचारलेलंही त्याने ऐकलं नाही.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बाईंचं शटर खाली होतं आणि त्याच्या आत इंजिन गुरगुरत होतं, संथपणे, वाट बघत असल्यासारखं. शटर आणि जमीन यांच्यामध्ये बोटभर फट होती. त्या फटीतून लाल उजेड बाहेर आला. गेला. आला. गेला. थांबून थांबून नव्हे, भराभर, कोणीतरी जिवाच्या आकांताने पाय आपटावा तसा.

आपण काय कापलं ते टेस्टरला तेव्हा कळलं.

त्याने शटर वर ढकललं. धूर अंगावर आला. गाडीकडे न बघता, तोंडावर बाही धरून तो जिन्याने वर गेला. फुगलेलं दार अर्धवट उघडं होतं. बाई पलंगावर कुशीवर झोपल्या होत्या, गाल नको तेवढे गुलाबी, उशीवर रिमोट. त्याने बटण दाबलं. खालचा आवाज थांबला. खिडक्या उघडल्या, बाईंना उचलून गॅलरीत नेलं, गालावर चापट्या मारल्या, हाका मारल्या. एवढ्या मोठ्याने त्याने कित्येक वर्षांत कुणाला हाक मारली नव्हती. बऱ्याच वेळाने बाईंनी डोळे उघडले, ओकल्या, आणि उशीर झाला का, असं विचारलं.

६

बाईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले वाचतील, अजून थोडा वेळ गेला असता तर सांगता आलं नसतं. घर बंद करायची जबाबदारी टेस्टरने घेतली. त्याला घर बंद करायचं नव्हतं, वायर जोडायची होती.

खाली उजेड होता, शटर सताड उघडं. उशीवरचा रिमोट आणि खुंटीवरची किल्ली घेऊन त्याने गाडीचं दार उघडलं आणि पाठ टेकून नेहमीसारखा आत सरकला. टेप सोडली, तार सोलली, पीळ दिला, पुन्हा टेप लावली. लहान पोराला जमेल एवढं काम.

काम केलं की तपासायचं, हा त्याचा नेम. या गाडीच्या बाबतीत तो एकदा चुकला होता. तपासायचं म्हणजे कसं, तेही त्याला ठाऊक होतं. स्वतःच्या हाताने पेडल दाबून चाललं असतं, कोणीही तसंच केलं असतं. तो उठला, शटर खाली ओढलं, चाचपडत परत आला, आणि पुन्हा पेडलशेजारी डोकं ठेवून त्याने रिमोट दाबला.

अंधारात इंजिन सुरू झालं. डॅशबोर्डचा हिरवट उजेड सांडला. टेस्टरने श्वास जितका धरता येईल तितका धरला.

आधी सीट कुरकुरली. त्याची कंबर ज्या सीटवर होती तीच, त्याच्या बाजूला जागा असल्यासारखी. मग डोळ्याच्या कोपऱ्यात, कानापासून वीतभर अंतरावर, एक पाऊल पेडलवर आलं. बूट नव्हता. करड्या लोकरीचा मोजा, टाचेला दुसऱ्याच रंगाच्या दोऱ्याने रफू केलेला. पावलाने पेडल शोधलं, सापडलं, आणि हळूच, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा तसं दाबलं.

इंजिन बंद पडलं. वायर चालत होती.

हिरवा उजेड विझला. पाऊल उचलल्याचा आवाज आला नाही. टेस्टर त्या अंधारात पडून राहिला. वर बघायला फक्त मान वळवायची होती.

"जोडली," तो म्हणाला. "चूक झाली माझी. आता राहील."

मग डोळे मिटून, वर न बघता, गिअरवरून सरपटत तो पलीकडच्या दाराने बाहेर पडला.

७

संध्याकाळी दवाखान्यातून बाईंचा फोन आला. आवाज घोगरा, पण वाक्य पूर्ण. बहिणीला निरोप पाठवल्याचं त्यांनी सांगितलं. मग, गाडी आता पुन्हा मधेच बंद पडेल का, असं विचारलं. पडेल, टेस्टर म्हणाला, आणि ती तशीच राहू द्या, कुणालाही दुरुस्त करू देऊ नका. बाई बरं म्हणाल्या. त्या एका शब्दावरून त्यांना काय समजलं आणि काय आधीपासून माहीत होतं ते त्याला कळेना.

फोन ठेवल्यावर तो वरच्या खोलीत बसून राहिला. त्याला भीती वाटत होती, पण त्याहून जास्त हेवा वाटत होता. त्या घरात कुणाचं तरी लक्ष होतं. इथे तो जिन्यावरून पडला असता तर मिस्त्रीला दुसऱ्या दिवशी डबा खाताना कळलं असतं.

त्याच्या बायकोला वाहता नळ खपायचा नाही. घरात कुठेही असो, हातातलं काम टाकून यायची, नळ बंद करायची, आणि काही न बोलता परत जायची. हे त्याला आजवर कधी आठवलं नव्हतं.

तो स्वयंपाकघरात गेला, नळ पूर्ण सोडला आणि बाहेरच्या खोलीत येऊन दाराकडे पाठ करून खुर्चीवर बसला. दिवा लावला नाही. सिंकमध्ये पाणी पडत राहिलं. खाली मिस्त्रीने शटर लावलं, कुलूप लावलं, खोकत खोकत निघून गेला. रस्ता सामसूम झाला. पाणी पडतच होतं.

मग आवाज थांबला.

टाकी संपली असेल. संपायचीच होती, इतका वेळ सोडल्यावर. उठून दोन पावलं टाकली असती तर नळ उघडा आहे की बंद ते दिसलं असतं. टेस्टर उठला नाही.